जिओच्या आधी इंटरनेट कसं यायचं? जुहू, शेल अकाउंट आणि ‘ऱ्य’

डायलटोन
परवा भाच्याला (वय १९) सहज विचारलं, भारतात इंटरनेट कधी आलं रे? म्हणाला, "मामा, २०१६. जिओ आलं ना तेव्हा." हसू आलं. मी छातीठोकपणे सांगणार होतो, १५ ऑगस्ट १९९५, विदेश संचार निगम, तेव्हाची सरकारी कंपनी. मग लक्षात आलं की माझं उत्तरही अर्धंच बरोबर आहे. त्या दिवसापासून पैसे भरणाऱ्या कुणालाही मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासमध्ये कनेक्शन मिळू लागलं, एवढंच. इंटरनेट त्याच्या कितीतरी आधी मुंबईत येऊन बसलं होतं. जुहूला!

लॉस एंजेलिसहून २९ ऑक्टोबर १९६९ ला ‘लॉगिन’ पाठवायला गेले आणि दोन अक्षरांनंतर पलीकडचं यंत्र बसलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. आपल्याकडची कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा.

१९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने शिक्षण-संशोधन संस्थांचे कॉम्प्युटर जोडणारा एर्नेट नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात आठ जण: पाच आयआयटी (मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर, मद्रास), बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, खुद्द ते खातं, आणि जुहूची एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. पहिली इमेल धावली ती जुहू ते पवई, एनसीएसटी ते आयआयटी. साध्या टेलिफोन लायनीवरून. आज ते अंतर रिक्षाने जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती इमेल पोचत असेल का, शंकाच आहे. कारण पद्धत अशी होती की हे यंत्र त्या यंत्राला ठरल्या वेळी फोन लावणार, साठलेलं टपाल देणार, तिकडचं घेणार आणि फोन ठेवणार. थेट पोस्टाच्या थैलीचा प्रकार.

१९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत कायमची लाईन मिळाली. वेग ९.६ केबीपीएस. भाच्याला समजावं म्हणून हिशेब मांडला: सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे १,२०० बाइट. त्याच्या मोबाइलमधला ३ एमबीचा एक फोटो त्या लायनीवरून जायला साधारण ४२ मिनिटं लागली असती, तीही दुसऱ्या कुणी लाईन वापरली नाही तर. आणि वापरणारे देशभरातले प्राध्यापक! त्याच वर्षी मे महिन्यात ‘डॉट इन’ हे आपलं नाव नोंदलं गेलं, त्याचाही कारभार एनसीएसटीकडेच होता.

एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमाणी यांचं नाव २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये आलं. मुंबईत किती जणांना ठाऊक आहे?

तुमच्याकडे त्या काळातलं काही असेल तर लिहा. ‘आमच्या वेळी’ चालेल, पण तपशील हवा.

बोरकर मास्तर
उत्तम धागा. एक दुरुस्ती, म्हटली तर. इमेल म्हणजे इंटरनेट नव्हे. जुहू-पवईच्या थैलीला इंटरनेट म्हणणं जरा सैल आहे. टीसीपी-आयपी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी थेट बोलायचे नियम, चालू झाले तेव्हापासून इंटरनेट म्हणावं.

मी त्या वेळी मुंबईत एका संस्थेत होतो, नाव लिहीत नाही. आमच्या अख्ख्या विभागाला मिळून एकच पत्ता. परदेशातून पत्र आलं की ऑपरेटर ते कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छापायचा, कात्रीने कापून ज्याच्या त्याच्या खणात ठेवायचा. पत्र खाजगी असलं तरी निम्म्या विभागाने वाचलेलं असायचं. आमच्या एका सहकाऱ्याचं लग्न ठरल्याचं त्याच्या आधी आम्हाला कळलं होतं.

आणि पत्ते! या यंत्राकडून त्या यंत्राकडे, तिथून पुढच्या यंत्राकडे, अशी सगळी वाट पत्त्यातच लिहायची, मध्ये उद्गारचिन्हं. ‘चिंचपोकळी! दादर! ठाणे! जोशी!’ असं पाकिटावर लिहिल्यासारखं. वाटेतलं एक यंत्र बंद पडलं की पत्र गडप.

डायलटोन
मास्तर, दुरुस्ती मान्य. थैली हे इंटरनेट नाही. पण १९८९ ची लाईन धरली तरी १९९५ च्या आधी सहा वर्षं होतात, माझा मुद्दा टिकतो.

नाग्या
पण देशातली सगळ्यात मोठी तबकडी आर्वीला होती ना? परदेशी फोन तिथूनच जायचे म्हणे. माझी आत्या आर्वीची, जन्म गेला तिचा तिथं, तिने काही पाहिली नाही बे.

बोरकर मास्तर
नागोबा, तुमची आर्वी वर्धा जिल्ह्यातली. तबकडीची आर्वी पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजूला. ते विक्रम भूकेंद्र १९७१ साली सुरू झालं, विक्रम साराभाईंचं नाव आहे त्याला. उपग्रहावरून परदेशी फोन तिथून जात. आता कुणी जीएमआरटीच्या, म्हणजे रेडिओ दुर्बिणीच्या, तबकड्या मध्ये आणण्याआधीच सांगतो, त्या खोडदच्या. त्या आकाशाचं ऐकतात, फोन उचलत नाहीत.

नाग्या
आत्याला कळवतो. 😀

सातारी कंदी
माझा शेल अकाउंटचा अनुभव. १९९५ च्या दरपत्रकात २५० तासांचे दर होते. शेल अकाउंट वर्षाला ५,००० रुपये, चित्रं दिसणारं टीसीपी-आयपी खातं १५,०००. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत शेल. म्हणजे काळा पडदा, पांढरी अक्षरं. माउस शोभेला. पत्रांसाठी पाइन, वेबसाठी लिंक्स. चित्र असेल तिथे कंसात ‘इमेज’ एवढं लिहून यायचं. आम्ही मित्रमित्र ‘इमेज’ शब्दाकडे बघून आत काय असेल याच्या पैजा लावायचो.

आमच्या गावातून लोकल नंबर नव्हता. पुण्याला एसटीडी लावायची. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून अकराला पाच कमी असताना मॉडेमजवळ (कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणारा डबा) बसायचो. फोन बैठकीच्या खोलीत, कॉम्प्युटर माडीवर, मध्ये जिन्यावरून सोडलेली वायर. आजी रात्री पाणी प्यायला उठायची आणि तिचा पाय त्या वायरीत! कनेक्शन गेलं की पुन्हा ते किंचाळणं, घोगरं खाकरणं, मग दोन टिंग. त्या आवाजावरून मला कळायचं की आज २८.८ ला जोडलंय की १४.४ वर बोळवण झाली. आजी म्हणायची, "तुझ्या त्या मांजराला गप कर."

एकदा महिन्याचं बिल आलं ते बाबांनी मला न बोलता जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. आकडा लिहीत नाही. पुढचे दोन महिने फोनला कुलूप होतं, डायलला लावायचं ते गोल पितळी.

उगाच
हे सगळं शोधलं तर मिळतं की. धागा कशाला?

सातारी कंदी
आजीचं मांजर सापडलं का शोधून?

पश्चिमरंग
शम्मी कपूरला विसरू नका रे. इंटरनेट युजर्स कम्युनिटी ऑफ इंडियाचा संस्थापक अध्यक्ष तो. मलबार हिलवर बसून मॉडेम लावणाऱ्या या माणसाचा ‘जंगली’तला ‘याहू’ त्या ‘याहू’ कंपनीच्या कितीतरी आधीचा. बाकी चालू द्या.

नीरजा_न्यूजर्सी
आमची बाजू वेगळी. आम्हाला इथे विद्यापीठात फुकट आणि दिवसभर नेट होतं, पण बोलायला मराठी माणूस नाही. युजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या चर्चागटांच्या जाळ्यावर, ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ नावाचा गट होता. तिथे सगळं मराठी रोमन अक्षरांत. ‘पाणी’ आणि ‘पानी’ एकच दिसायचं, ‘काळ’ आणि ‘काल’ एकच. एकाने चिरोट्यांची कृती लिहिली होती, त्यात ‘साटा’ की ‘साठा’ यावर चार दिवस वाद झाला होता.

मग आयट्रान्स आलं, अविनाश चोपडे यांचं. त्यात नियम होता: मोठा एन म्हणजे ण, मोठा एल म्हणजे ळ. लिहायचं रोमन, प्रोग्राम चालवला की छापून देवनागरी. पहिल्यांदा प्रिंटरमधून ‘बाळ’ हा शब्द ळ सकट बाहेर आला तेव्हा मी तो कागद जपून ठेवला होता. पण ते छापण्यापुरतं. पडद्यावर आम्ही मोठ्या-छोट्या अक्षरांची ती भेळच वाचत होतो. सवयीने डोळ्यांना देवनागरी दिसायची, खोटं नाही सांगत.

तार सगळ्यांकडे आली हे ठीक आहे, पण आपली अक्षरं त्या तारेतून यायला पुढे किती वर्षं गेली ते कुणी लिहा.

कॅफेवाला_सांगली
ताईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मी १९९९ ते २००८ सायबर कॅफे चालवला. सहा मशीन, एक ५६ के मॉडेम, सहाही मशीन त्याच एका कनेक्शनवर. तासाला ६० रुपयांनी सुरुवात, शेवटी १५. पोरं प्लायवुडच्या खोपटात बसायची, पडदा लावू दिला नाही कधी मी.

सगळ्यात जास्त भांडणं फॉन्टवरून. प्रत्येक मराठी वर्तमानपत्राच्या साइटचा फॉन्ट निराळा. तो मशीनमध्ये नसला तर बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या, टिंबं यांचा लगदा. एक रिटायर मास्तर रोज यायचे, म्हणायचे, "पेपर बिघडलाय तुमचा, पैसे देणार नाही." मी फ्लॉपीत पाच पेपरांचे फॉन्ट घेऊन एका मशीनवरून दुसरीवर फिरायचो. काही साइट फॉन्ट स्वतःच पाठवायच्या, पण ते एक्सप्लोररमध्ये चालायचं, नेटस्केपमध्ये नाही, किंवा उलटं.

विंडोज एक्सपी आल्यावर नवीन कटकट. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक) त्यात होतं, पण झोपलेलं. कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज, मग ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’वर टिक, मग "सीडी घाला." सीडी कुणाकडे असायची? मला तो डबा अजून डोळ्यांपुढे दिसतो. टिक केली नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटायची, मध्ये ठिपक्यांचं गोल.

दहावीच्या निकालाचा दिवस म्हणजे दिवाळी. बाहेर रस्त्यापर्यंत रांग, प्रिंट १० रुपये. आणि नेमका बाराला लोडशेडिंगचा नंबर! भाड्याने जनरेटर आणून निकाल काढलेत. एका मुलीच्या बापाने प्रिंटचा कागद आधी कपाळाला लावला, मग वाचला.

मृण्मयी७
बरोबर धाग्यावर आले असं दिसतंय. माझे बाबा प्राथमिक शिक्षक होते, कोकणात. निवृत्तीनंतर त्यांनी गावातल्या सगळ्या विहिरींची नोंद लिहून काढली, कुणी खणली, पाणी कधी आटतं, कडेला कुठलं झाड. १९९९-२००० मध्ये तालुक्याला जाऊन एका टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतली. आता बाबा नाहीत. हस्तलिखित वाळवीने खाल्लं. सीडी आहे, फाइल उघडते, पण आत तो कॅफेवाल्यांनी लिहिलेला लगदा. ४६ पानं. दुकानात दाखवलं तर म्हणाले, फाइल करप्ट आहे, नवीन टाइप करा. कशावरून टाइप करू?

खिळेजुळारी
मृण्मयीताई, फाइल करप्ट नाही. अजिबात टाकू नका. मी पुण्यात छापखान्यात वीस वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं काम, केलं, हा आजार ओळखीचा आहे.

जुना मराठी फॉन्ट म्हणजे सोंग. कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी ‘ए’ ठेवतोय, फॉन्ट त्या जागी ‘क’चं चित्र काढायचा. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये त्याच जागी ‘म’चा पाय असायचा. म्हणजे तुमच्या बाबांचा मजकूर शाबूत आहे, फक्त किल्ली हरवली आहे. किल्ली म्हणजे फॉन्टचं नाव.

सरकारी इलाज त्याही आधी होता. इस्की नावाचं मानक, १९९१ साली ते भारतीय मानक झालं, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने त्यावर पुष्कळ काम केलं. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला पक्की जागा होती. पण छापखान्यांना सुंदर वळण हवं होतं, मानक नको. मी स्वतः त्या पापात आहे. गिऱ्हाइकाला लग्नपत्रिका देखणी हवी, वीस वर्षांनी ती कोण शोधणार?

युनिकोडने इस्कीचाच आराखडा उचलला, देवनागरीला १२८ खणांचा गाळा दिला. विंडोज २००० पासून ते दिसायला लागलं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला तो या बळावर. किंमत एकच: आज वेबवर जो युनिकोड धावतो त्यात आपलं एकेक अक्षर तीन बाइट खातं. ‘नमस्कार’ इस्कीत ७ बाइट, आता २१. डायलटोन यांच्या जुहूच्या लायनीवर हे परवडलं नसतं.

वर्डमध्ये फाइल उघडून मजकुरावर क्लिक करा. फॉन्टच्या चौकटीत काय नाव दिसतं?

मृण्मयी७
‘डीव्ही-टीटी योगेश’. हे कुणाचं नाव आहे?

खिळेजुळारी
फॉन्टचं. सी-डॅकचा, त्या काळी घरोघरी होता. सुटलात तुम्ही. तो फॉन्ट मशीनवर टाकलात तर फाइल आहे तशी वाचता येईल. पण तेवढ्यावर थांबू नका, युनिकोडमध्ये बदलून घ्या. योगेशसाठी परिवर्तक (मजकूर बदलून देणारे प्रोग्राम) मिळतात, मूळ फाइलची प्रत करून प्रतीवर चालवा.

बदलल्यावर तीन जागा डोळ्यांत तेल घालून बघा. पहिली वेलांटी: जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर. ‘विहीर’ हाच शब्द तपासा, तुमच्याकडे भरपूर असेल. रफार: तोही उलटा, ‘सूर्य’मधला रफार आता य च्या आधी लिहावा लागतो. आणि तिसरा, ‘ऱ्य’.

नीरजा_न्यूजर्सी
‘ऱ्य’वर जरा थांबा ना. मला कायम दोन प्रकारचे दिसतात.

खिळेजुळारी
दिसायला सारखे, आत निराळे. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’, बघा फरक दिसतो का. पहिल्यात नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ आहे. तो युनिकोडमध्ये मुळात द्राविडी भाषांमधला र लिहिण्यासाठी ठेवलेला, त्याचा अर्धा आकार आपला ‘ऱ्य’मधला आडवा र. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडणारं चिन्ह. म्हणून ‘दुसऱ्या’ शोधलंत तर पहिल्या पद्धतीने लिहिलेलं सापडेल, दुसऱ्या पद्धतीचं राहून जाईल, शोधयंत्राने दोन्ही एक मानले नाहीत तर. ‘उगाच’रावांनी हे शोधून बघावं.

‘ॲ’चीही तीच कथा. त्याला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, तोवर लोक अ वर चंद्र चिकटवत होते. जुन्या लेखनात ‘अॅ’ आणि नव्यात ‘ॲ’ असे दोन सापडतात. बाकी देठयुक्त श, पाकळीयुक्त ल वगैरे फॉन्टचा मामला, त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन भांडायला.

उगाच
शोधलं. खरंच एकच सापडतंय. माघार.

कॅफेवाला_सांगली
त्या रिटायर मास्तरांना हे तेव्हा सांगता आलं असतं तर माझे चाळीसएक रुपये वाचले असते.

मृण्मयी७
झालं!! रात्री नवऱ्याने आणि मी मिळून बदललं. पहिली ओळ अशी आहे: "आमच्या वाडीत एकंदर अकरा विहिरी. पैकी बारमाही पाणी तिघींना." बाबा विहिरींना ‘तिघींना’ म्हणायचे, मी विसरले होते.

वेलांट्या नीट आल्या. रफार तीन ठिकाणी उलटा होता, सुधारला. पण ‘ऱ्य’ सगळीकडे गेलाय, त्या जागी प्रश्नचिन्ह येतंय. "वाडीच्या कोप?यातली विहीर", "खा?या पाण्याची". कुठला ‘ऱ्य’ घालू? वरच्यातला पहिला की दुसरा?

खिळेजुळारी
पहिला, नुक्तावाला ऱ. सगळी प्रश्नचिन्हं एकदम बदलू नका, बाबांनी कुठे खरंच प्रश्न विचारला असेल तोही जाईल. एकेक बघत जा.

मृण्मयी७
एकेक बघितलं. ४३ प्रश्नचिन्हं. ४२ ‘ऱ्य’ निघाले. एक खरं होतं, नवव्या विहिरीच्या नोंदीखाली: "हिचा काठ कुणी बांधला?"